मुलांचे दात किडू नयेत म्हणून: रात्रीचा ब्रश, खाऊच्या वेळा आणि बाकीचं सगळं

पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर "तीन वर्षांच्या मुलाला कुठली पेस्ट वापरू" असं विचारून बघा, पाच मिनिटांत मीठ, हळद, तुरटी, कोळसा, लवंग सगळं येतं, मग कोणाची तरी सासू म्हणते दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, कशाला एवढं, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. खरं सांगायचं तर लहान मुलांचे दात का किडतात आणि कसे वाचवायचे यावर शंभरेक वर्षं काम झालंय आणि मुख्य उत्तरं केव्हाच मिळालीयेत. दोन गोष्टी बहुतेक सगळं काम करतात: एक, गोड दिवसातून किती वेळा तोंडात जातं ते कमी करणं, आणि दोन, रात्री झोपताना फ्लोराइडवाल्या पेस्टने मोठ्या माणसाने स्वतः दात घासून देणं. डॉक्टरकडच्या दोन-तीन गोष्टी आहेत त्याही सांगते, पण आधी ह्या दोन, कारण ह्या घरात होतात आणि जवळपास फुकटात होतात.

पहिली गोष्ट, खाऊच्या वेळा. दातांवर जो चिकट पांढरट थर बसतो त्यात जंतू असतात, त्यातला बदनाम म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, हा १९२४ साली क्लार्क नावाच्या संशोधकाने शोधला. हे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात आणि त्या आम्लात दाताचं कॅल्शियम विरघळतं. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने हे मोजून दाखवलं, साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत दाताजवळचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) धाडकन खाली येतो, साधारण ५.५ च्या खाली गेला की दात विरघळायला लागतो, आणि मग लाळ हळूहळू ते सगळं परत जागेवर आणते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दात रोजच थोडे झिजतात आणि रोजच भरून निघतात, फक्त लाळेला मधे वेळ मिळायला हवा. एका बिस्किटाने काही होत नाही, पण दर तासाला एक बिस्किट दिलं तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही, मग ते बिस्किट अर्धं असलं तरी.

यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास स्वीडनचा आहे आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. लुंड शहरात विपेहोल्म नावाची मतिमंद लोकांची संस्था होती, तिथे १९४० च्या दशकात रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन कोणाचे दात किती किडतात ते बघितलं, काहींना जेवणात साखर, काहींना मधल्या वेळात मुद्दाम बनवलेल्या दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या, एका गटाला तर दिवसाला २४ पर्यंत. त्या लोकांची संमती वगैरे काही घेतलेली नव्हती, कित्येकांचे दात कायमचे गेले, आज असं कोणी केलं तर तुरुंगात जाईल. १९५४ ला निष्कर्ष छापून आले: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने फारसा फरक पडला नाही, मधेमधे खाल्लेल्या चिकट गोडाने दात भराभर किडले. स्वीडनमध्ये गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुळली ती यानंतर.

आता हे घरात कसं करायचं, तर एक दिवस फ्रिजवर कागद चिकटवा आणि पाण्याशिवाय मुलाच्या तोंडात जे जे जाईल त्याची वेळ लिहा, फक्त वेळ आणि वस्तू, प्रमाण लिहू नका. सकाळी चॉकलेट पावडरचं दूध, मग बिस्किट, शाळेच्या डब्यात जॅम-चपाती, कोणाचा तरी वाढदिवस म्हणून दोन गोळ्या, घरी आल्यावर ज्यूस, आजोबांसोबत चहात बुडवून टोस्ट, खाली खेळायला जाताना हातात वेफर्स, रात्री झोपताना परत साखर घातलेलं दूध. असा कागद बहुतेक घरांत निघतो आणि आई म्हणते अहो आम्ही गोड फार देतच नाही. प्रमाण खरंच जास्त नसेल, पण आठ वेळा झालं ना.

मग यातल्या वेळा एकत्र करायच्या. गोड बंद करायची गरज नाही, आपल्याकडे सणासुदीला ते शक्यही नाही आणि करूही नये. पुरणपोळी, श्रीखंड, शिरा जेवणात खाऊ दे पोटभर, चॉकलेट द्यायचंच तर जेवण झाल्या झाल्या द्या, वर पाणी प्यायला लावा. तीन जेवणं आणि मधली दोन खाणी, त्यातलं मधलं खाणं शक्यतो बिनगोडाचं, म्हणजे फळाच्या फोडी, काकडी, उकडलेलं अंडं, पनीर, चीजचा तुकडा, घरचा चिवडा, ढोकळा, डोसा, काहीही. अगदी लहान पोराला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि मधे तहान लागली तर पाणी, सिपरमध्ये ज्यूस किंवा सरबत भरून दिवसभर गळ्यात लटकवायचं नाही, घोट घोट पिणं म्हणजे दिवसभर आम्ल.

काही गोष्टी इथेच सांगून टाकते कारण नेहमी वाद होतो. गूळ चालतो का, तर पोटाला काय चालतं ते तुमचे डॉक्टर सांगतील, दाताच्या जंतूला गूळ म्हणजे साखरच. मध तसाच, खजूर तसाच, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध तर कुठल्याच कारणाने देऊ नये, चोखणीला लावूनसुद्धा नाही आणि बाळगुटीतूनसुद्धा नाही. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू पौष्टिक आहेत पण दाढेच्या खाचेत जाऊन बसतात, तेव्हा जेवणानंतर. लॉलीपॉप आणि लेमलेटच्या गोळ्या सगळ्यात वाईट कारण वीस-वीस मिनिटं तोंडात राहतात, त्यापेक्षा चॉकलेट बरं, पटकन विरघळून जातं, हे ऐकून मुलं खूष होतात. वेफर्स, कुरकुरे तिखट असले तरी त्यांचा पिठूळ लगदा दाताला चिकटून राहतो. खोकल्याची, तापाची गोड सिरपं रात्री द्यावी लागली तर आधी औषध मग ब्रश, आणि मध्यरात्री द्यावं लागलं तर वर दोन घोट पाणी. ज्या मुलांना महिनोन्महिने औषध चालू असतं त्यांच्या आईवडिलांनी डॉक्टरना बिनसाखरेचं मिळतं का ते विचारावं.

बाटलीचा मुद्दा वेगळा. झोपेत लाळ फारच कमी होते, म्हणून तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे चार दात सगळ्यात आधी जातात, खालचे जिभेमुळे आणि लाळेमुळे बऱ्याचदा वाचतात, डॉक्टर नुसतं बघून ओळखतात. वर्षाच्या आसपास कपाची सवय सुरू करा. रात्रीची बाटली एकदम तोडली तर सगळी सोसायटी जागी होईल, त्यापेक्षा दुधातली साखर आधी बंद करा, मग रोज दुधात पाणी थोडं थोडं वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरतं आणि बाळ स्वतःच कंटाळतं. अंगावरचं दूध पिणाऱ्या मुलांबद्दल लगेच घाबरू नका, जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, ते बंद करायचं नाहीये. फक्त दात आल्यावर, विशेषतः वर्षानंतर, रात्रभर सारखं पाजणं आणि वर दिवसाचं गोड असं दोन्ही असेल तर धोका वाढतो, म्हणून रात्री झोपायच्या आधी दात घासलेले असले पाहिजेत.

महिन्यातून एकदा मुलाला खिडकीजवळ उजेडात घेऊन वरचा ओठ उचलून बघा. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखी पांढरी, बिनचकाकीची रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण आहे, आणि ही रेघ परत भरून येऊ शकते, खड्डा पडलेला नसतो. तपकिरी झालं, खड्डा दिसला तर डॉक्टर.

आता पेस्ट. फ्लोराइडची गोष्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला सुरू होते, १९०१ मध्ये फ्रेडरिक मकॅ नावाचा तरुण डेंटिस्ट तिथे आला आणि बघतो तर गावातल्या पोरांचे दात तपकिरी डागांचे, पण किडलेले फार कमी. कारण शोधण्यात तीस वर्षं गेली, १९३१ मध्ये पाण्यात फ्लोराइड सापडलं, मग डीन नावाच्या सरकारी डॉक्टरने किती प्रमाणात डाग न पडता दात वाचतात ते शोधलं, आणि १९४५ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली. तिथे त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली. पुढे पेस्टमध्ये फ्लोराइड आलं आणि कळलं की त्याचा मुख्य फायदा पोटातून नाही तर दाताला बाहेरून लागूनच होतो, लाळ जे कॅल्शियम परत बसवते ते फ्लोराइड असलं की जास्त घट्ट बसतं.

आपल्याकडे मात्र प्रश्न उलटा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच जास्त फ्लोराइड आहे, तिथे मुलांच्या दातांवर डाग आणि मोठ्यांची हाडं दुखणं हे खरंच होतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायची पद्धत बसवली, नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. म्हणून तुमचं पिण्याचं पाणी बोअरचं असेल तर एकदा तपासून घ्या, भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, त्यावर असेल तर आधी पाण्याचं बघायचं आणि पेस्टबद्दल डेंटिस्टला विचारायचं. पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी पिणाऱ्यांनी मात्र "फ्लोराइड विष आहे" असे फॉरवर्ड वाचून बिनफ्लोराइडची महागडी पेस्ट आणायचं काही कारण नाही.

पेस्ट घेताना पुढचं कार्टून बघू नका, मागचं बारीक छापलेलं वाचा. आपल्याकडे नियमाप्रमाणे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) वर चालत नाही आणि किती आहे ते छापावं लागतं. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये हे निम्मंच असतं किंवा अजिबात नसतं. आणि सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर १००० किंवा त्याहून जास्त असेल तरच कीड कमी झाल्याचं नीट दिसतं. तेव्हा १००० च्या जवळपासची पेस्ट घ्या, घरातल्या मोठ्यांचीच चालते, फक्त किती लावायची ते सांभाळा: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दाखवतात ती विसरा. गिळलं तर काय म्हणून घाबरणाऱ्यांसाठी हिशेब, तांदळाएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम, त्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम, रोज दोनदा गिळली तरी फार नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, स्ट्रॉबेरीच्या चवीची असली की खातात.

कोळसा आणि खरखरीत लाल मंजन दात घासून काढतं, मुलांच्या पातळ इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराला, तर नकोच. मिश्री हा शब्द मुलांच्या संदर्भात लिहावा लागतो हेच वाईट, पण गावाकडे आजी स्वतः लावताना नातवंडाच्या हिरडीवरही बोट फिरवते असं होतं, त्यात तंबाखू असतो. १९९२ मध्ये टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू वापरायला सरकारने बंदी घातली, तरी घरी भाजून केलेल्या मिश्रीला कोण विचारतंय. आजीला सरळ नाही म्हणा.

घासायचं कसं. पहिला दात दिसला की सुरू, साधारण सहाव्या महिन्यात, मऊ छोटा ब्रश. आणि सात-आठ वर्षांपर्यंत तुम्हीच घासून द्यायचं, मूल कितीही म्हणो माझं मी करतो. सोपी खूण अशी की बुटाची लेस नीट बांधता येत नाही तोवर दाढेच्या मागे ब्रश नीट फिरवता येत नाही. सकाळी त्याला करू दे स्वतः, हौस भागते, रात्रीचा तुमचा. बाळाला मांडीवर आडवं घेऊन डोकं तुमच्या पोटाकडे, मोठं असेल तर त्याच्या मागे उभं राहून आरशात बघत त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकवायचं, एका बोटाने गाल बाजूला करायचा म्हणजे मागचं दिसतं. समोरून घासायला गेलात की मूल मान फिरवतं आणि अर्धे दात राहतात. दोन मिनिटं म्हणजे एक गाणं. हिरडी आणि दात मिळतात तिथे ब्रश टेकवून बारीक गोल फिरवायचा, जोर नाही, आणि वरच्या दाढांची बाहेरची बाजू आणि खालच्यांची आतली बाजू हमखास राहते तिथे आधी सुरुवात करा. रडलं तरी करायचं, रडताना तोंड उघडंच असतं.

आणि आता सगळ्यात अवघड, चूळ. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही, पण रात्री पेस्ट थुंकायची आणि तिथेच थांबायचं, पाणी घ्यायचं नाही, कारण जे फ्लोराइड रात्रभर दातावर राहायला हवं ते चुळीबरोबर वाहून जातं. थुंकता न येणाऱ्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. नंतर दूध नाही, खाऊ नाही, तहान लागली तर थोड्या वेळाने पाणी. दूध प्यायल्याशिवाय झोपत नसेल तर दूध आधी, ब्रश नंतर, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ झालं. दाढा एकमेकींना चिकटून आल्या असतील तर त्यांच्या फटीत ब्रश जात नाही, दुधाच्या दाढा बऱ्याचदा तिथेच किडतात, त्यासाठी दोऱ्याच्या छोट्या काड्या मिळतात, आठवड्यातून काही वेळा तरी फिरवा.

डॉक्टरकडे पहिल्यांदा पहिल्या वाढदिवसापर्यंत जावं असं सांगितलं जातं, आपण जातो दुखायला लागल्यावर. मुलांचा डेंटिस्ट, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, मिळाला तर बरं. तिथे दोन गोष्टी विचारा. फ्लोराइड व्हार्निश, दातावर ब्रशने लावायचा लेप, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही, तीन ते सहा महिन्यांनी परत. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) याने दुधाच्या दातांतली कीड सरासरी ३७ टक्के आणि कायमच्या दातांतली ४३ टक्के कमी झाल्याचं दिसलं. दुसरं सीलंट. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही, लोक ती दुधाचीच समजतात, आणि ती आयुष्यभराची असते. तिच्या खाचा खोल असतात, त्या सीलंटने बुजवून टाकतात, ड्रिल नाही काही नाही. सहा वर्षांचं झालं की टॉर्च घेऊन बघा आली का, बाराच्या आसपास परत एक येते. पैशांचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत, मुंबईत पालिकेच्या नायरमध्ये, गोव्यात बांबोळीला हे सगळं कमी खर्चात होतं, रांग असते, सकाळी लवकर जायचं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते तेव्हा दातही बघतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आधीच किडलं असेल तर? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, तोवर मूल जेवणार कशाने. शिवाय वेळेआधी काढली तर बाजूचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. आता ड्रिलशिवायही उपाय आहेत. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड म्हणजे एसडीएफ, थेंबभर औषध किडलेल्या जागी लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते, जागा कायमची काळी पडते, पण खुर्चीवर बसायला न तयार होणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी मला तरी काळा डाग परवडला. जपानमध्ये हे पन्नासेक वर्षं वापरात आहे, २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, त्याच यादीत फ्लोराइड टूथपेस्टही आली. किडलेल्या दाढेवर न कोरता स्टीलची टोपी बसवायची हॉल पद्धत पण आहे, ती स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल या डेंटिस्टच्या नावाने ओळखली जाते.

ऑइल पुलिंग (तोंडात तेल घोळवणं), प्रोबायोटिक गोळ्या वगैरेंवर मुलांसाठी पैसे घालवू नका. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, घातलेल्या च्युइंगमवर फिनलंडमध्ये तुर्कूला १९७० च्या दशकात बरंच काम झालं, वाईट नाही, पण पेस्टची जागा घेत नाही आणि लहान मुलाला च्युइंगम कोण देणार.

हे वाचणाऱ्यांत कोणी अंगणवाडी ताई किंवा बालवाडी चालवणारी असेल तर तिच्यासाठी स्कॉटलंडचंच उदाहरण. तिथे चाइल्डस्माइल नावाच्या कार्यक्रमात बालवाडीत रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांकडून ब्रश करून घेतात. पहिलीतल्या मुलांमध्ये डोळ्याला दिसणारी कीड नसलेली २००३ मध्ये ४५ टक्के होती, २०१८ मध्ये ७१ टक्के. करायला सोपं आहे, बेसिनसुद्धा लागत नाही. प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा, त्यावर नाव किंवा चित्र, पेस्ट ताईने काढायची, ट्यूब थेट ब्रशला न लावता आधी स्वच्छ ताटलीत वयाप्रमाणे एवढ्या एवढ्या ठिपक्यांत, मग एकेकाने आपल्या ब्रशवर उचलायची. सगळे गोल करून बसून एक गाणं होईपर्यंत घासतात, टिश्यूत किंवा कागदी कपात थुंकतात, चूळ नाही. नंतर ब्रश धुऊन उभे ठेवायचे, एकमेकांना लागणार नाहीत असे, आणि झाकण लावायचं नाही, वाळायला पाहिजेत. ब्रशचे केस वाकडे झाले की बदलायचा, साधारण तीन महिन्यांनी.

एक शेवटचं, थांबून चालत नाही असं. गाल किंवा हिरडी सुजली, सोबत ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही किंवा सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चाललीय असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. लवंगतेलाने त्या वेळचं दुखणं दबतं, आतला पू तिथेच राहतो. आणि मुलाच्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवायचा जुना उपाय कोणी सांगितला तर अजिबात करू नका, हिरडी भाजते, आणि लहान मुलांना अॅस्पिरिन तसंही देत नाहीत.